बरी. तुम्ही?

१

सकाळी साडेसातला मी बीचक्रॉफ्ट या विद्यार्थी-वसतिगृहाचं मागचं दार उघडते, कोट खुंटीला अडकवते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जाऊन आदल्या रात्रीचे पराक्रम बघते. एकोणीस वर्षं झाली. मुलं विद्यापीठात कायदा शिकतील, औषधशास्त्र शिकतील, पण पास्ता शिजवायला पाणी लागतं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. करपलेली पातेली घासणं माझ्या कामात बसत नाही. तरी घासते. मग टेबल, फरशी, कचऱ्याच्या पिशव्या, आणि शेवटी पॅसेजमधून व्हॅक्यूम फिरवत एकामागून एक सहा दारं.

प्रत्येक दारावरून जाताना मी हाक देते. "बरं ना, बाळा?" आतून उत्तर येतं, "बरं. तुम्ही?" तोवर मी पुढच्या दाराशी पोचलेली असते. आमच्याकडे बसचा ड्रायव्हर हेच म्हणतो, खाटीक हेच म्हणतो. माझा नवरा केनेथ गेला त्या सकाळी दूधवाला दारात म्हणाला, "बरं ना, जॉइस?" आणि मी म्हणाले, "बरं. तुझं?" त्यानं बाटल्या ठेवल्या आणि गेला. केनेथ वरच्या खोलीत होता. मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

२

हेल्मी जानेवारीत आली. दरवर्षी दोन-तीन मुलं अशी बाहेरच्या देशांतून येतात. त्यांचं विद्यापीठ एक मूल इकडे पाठवतं, आमचं एक तिकडे, आणि सहा महिन्यांनी ज्याचं त्याला परत. हेल्मी फिनलंडची. वीस वर्षांची, उंच, केस इतके फिके की भुवया शोधाव्या लागायच्या. तिला चार नंबरची खोली मिळाली, स्वयंपाकघराला लागून.

पहिल्याच आठवड्यात ती किटलीपाशी उभी होती. मी टेबल पुसता पुसता म्हणाले, "बरी ना, बाळा?" आणि सिंककडे वळले. मागून काहीच आवाज येईना. वळून बघितलं तर पोरीनं किटली खाली ठेवली होती आणि ती विचार करत होती.

"नाही," ती म्हणाली. "फारशी नाही. मला झोप लागत नाही. वर्गात सगळे भराभर बोलतात आणि मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असतो. काल दिवसभरात मी फक्त दुकानातल्या पैसे घ्यायच्या मशीनशी बोलले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही विचारलंत, म्हणून सांगितलं."

मला अजून दोन मजल्यांची स्वयंपाकघरं करायची होती. शिवाय खरं सांगायचं तर मला अवघडल्यासारखं झालं. मी हसण्यावारी नेलं.

"अगं वेडे, हा प्रश्न नसतो."

"प्रश्नच तर होता."

"नसतो गं. नुसतं म्हणायचं असतं. तू म्हणायचं, 'बरी. तुम्ही?' आणि आपल्या वाटेनं निघायचं."

"आणि बरं नसेल तर?"

"तरी तेच."

"मग तुम्हाला कळणार कसं?"

"मला कळून काय करायचंय, बाळा? मी काय डॉक्टर आहे? इथं असंच म्हणायचं असतं."

तीही हसली. मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. 'तुम्ही'चा सूर शेवटी वर न्यायचा, आणि उत्तराला थांबायचं नाही. तिसऱ्या खेपेला इतकं बेमालूम जमलं की आमच्या गल्लीतली वाटावी. एक गोष्ट मात्र गेली नाही. 'बरी' आणि 'तुम्ही'च्या मध्ये ती जराशी थांबून श्वास घ्यायची, विचार करायच्या जुन्या सवयीनं. "बरी." श्वास. "तुम्ही?" त्यावरून मला तिचा आवाज दाराआडूनही ओळखता यायचा.

मला तेव्हा वाटलं, परक्या मुलीला इथली रीत शिकवली, चांगलं काम केलं. घरी जाऊन बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

३

ईस्टरच्या सुट्टीत मजला रिकामा होतो. हेल्मी राहिली. थोडे दिवस जाऊन यायचं म्हणजे नुसता प्रवासच, असं म्हणाली.

सोमवारी ती मला स्वयंपाकघरात दिसली. स्वेटरवर कोट घातलेला, एक हात मानेवर, आणि पडदा ओढून खिडकीकडे पाठ करून बसलेली. "बरी ना, बाळा?" "बरी. तुम्ही?" तिचा चेहरा लाल झाला होता. तो मला दिसला होता. हे आता लिहून ठेवते, कारण नंतर मला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं आणि हे एवढं मी कुणाला सांगितलं नाही. मी बादली उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर गेले.

मंगळवारी ती दाराआडून बोलली. बुधवारीही. गुरुवारी मी गुड फ्रायडेचे मनुकांचे गोड पाव आणले होते, त्यातले चार बशीत काढून तिच्यासाठी टेबलावर ठेवले. तिच्या दारावरून जाताना ओरडले, "पाव ठेवलेत गं तुझ्यासाठी! बरी ना?"

"बरी." श्वास. "तुम्ही?"

मग आम्हाला चार दिवस सुट्टी. पुढच्या मंगळवारी आले तर इमारतीची राखण करणारा आमचा पोर्टर क्लाइव जिन्यात बसला होता. क्लाइवनं बावीस वर्षं सैन्यात काढलेली, आणि मी त्याला कधी कामाच्या वेळात बसलेलं पाहिलं नव्हतं. हेल्मीची आई आठवडाभर फोन करत होती. शेवटी ऑफिसानं त्याला दार उघडायला सांगितलं होतं.

मेंदूच्या आवरणाचा ताप. फार झपाट्यानं चढतो म्हणे, पण वेळेत दवाखान्यात नेलं तर माणूस वाचू शकतो. डॉक्टरांनी वेळ सांगितली ती आधीच्या मंगळवारची. मंगळवारी संध्याकाळ, त्याच्या पुढे नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. बशीत चारही पाव तसेच होते.

४

अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कार्यालयातून एक बाई आली. शांत, समंजस, माझ्यासमोर चहाचा कप सरकवणारी.

"गुरुवारी तिनं उत्तर दिलं मला," मी म्हणाले.

"दिवसांची गल्लत होते, जॉइस. अशा धक्क्यात सगळ्यांचीच होते."

"पाव गुरुवारचे होते."

"पाव गुरुवारचेच असतील. उत्तर सोमवारचं असेल."

तिनं सोमवार लिहिलं आणि मी सही केली. मलाही सोमवारच हवा होता. बुधवारी आणि गुरुवारी त्या दाराआड काय होतं, हे ठाऊक असताना 'बरी' कोण म्हणालं याचा विचार करत बसणं माझ्यानं झालं नसतं. आणि तिनं उत्तर दिलं नसतं तर मी दार वाजवलं असतं, हा दुसरा विचार. मंगळवारी सकाळी ती जिवंत होती.

शनिवारी हेल्मीची आई आली, राइया. सामान न्यायला. मुद्दाम तिच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी गेले. तिनं लेकीच्या कपड्यांच्या एकेक करून घड्या घातल्या, मोज्यांच्यासुद्धा. रडली नाही. सगळं बॅगेत भरून झाल्यावर मला म्हणाली, "तुमच्याशी बोलायची का ती?"

"रोज."

"काय म्हणायची?"

"बरी आहे म्हणायची."

राइयाचे खांदे सैल पडले. ती पलंगावर बसली. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "हेल्मी याबाबतीत कधी खोटं बोलत नाही. लहान असताना दुकानदारानं विचारलं तरी सगळं सांगायची. पोट दुखतंय, मांजर मेलं, वहीवर पाणी सांडलं. मागे रांग लागायची. आमच्याकडे ऐकून घ्यायचं असेल तरच विचारतात. म्हणजे तिला त्रास झाला नसणार. अचानकच झालं असणार."

"अचानकच," मी म्हणाले.

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. सांगायची वेळ तीच होती. मी तिची बॅग उचलून खाली नेऊन दिली.

५

मे महिन्यात एकदा, व्हॅक्यूम बंद करून वायर गुंडाळत जात असताना, सवयीनं चार नंबरच्या दारालाही माझी हाक गेली. खोली रिकामी होती. गादीसुद्धा काढून नेलेली.

"बरी." श्वास. "तुम्ही?"

मी तेव्हा तीन पावलं पुढे होते. थांबले. आत काही नाही. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरचा नळ मधून मधून टकटक करतो, तेवढाच आवाज. मी स्वतःला समजावलं, पाच नंबरमधली पोरगी बोलली असेल. इथली प्रत्येक पोरगी हेच म्हणते. मग आठवलं की पाच नंबरमधली परीक्षेला गेली होती, मीच तिला जिन्यात वाट दिली होती.

मी त्या दारावर हाक देणं सोडलं. पण एकोणीस वर्षांची सवय, आठवड्यातून एकदा तरी तोंडातून निघायचीच. दर वेळी मी दार ओलांडून गेल्यावर उत्तर यायचं. थांबून, दाराला कान लावून विचारलं की काही नाही. चालत राहिलं, लक्ष दुसरीकडे असलं, की यायचं.

शेवटी क्लाइवला बोलावलं. तो दारासमोर ताठ उभा राहिला आणि कवायतीच्या आवाजात ओरडला, "बरं ना, आतली मंडळी?"

काही नाही. आम्ही मिनिटभर उभे राहिलो.

"जॉइस, कानात मळ साचलाय तुझ्या," तो म्हणाला. "नाहीतर सुट्टी घे. बहिणीकडे जा चार दिवस."

"तू थांबलास ना, म्हणून नाही आलं."

"म्हणजे मी ऐकायला उभा नसलो की ऐकू येतं?"

"हो."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याची थट्टा ओसरली. माझा खांदा थोपटून तो खाली गेला. मी मागे एकटी राहिले. त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

६

सप्टेंबरात चार नंबरला शिमेना आली. चिलीहून, वर्षभरासाठी. कायदा शिकायला. पहिल्या दिवशी तिनं माझ्या गालाचा मुका घेतला तेव्हा माझ्या हातातला स्प्रे खाली पडला. आमच्याकडे सख्खी बहीणसुद्धा नाताळशिवाय जवळ घेत नाही.

तिला कुणी काही शिकवायच्या फंदात पडलं नाही, मी तर मुळीच नाही. "बरी ना, बाळा?" म्हटलं की दार धाडकन उघडायचं. "जॉइस! माझी राणी! ऐका तर खरं काल काय झालं!" मग मी व्हॅक्यूम बंद करून ऐकायचे. प्राध्यापकाचं, प्रियकराचं, आमच्याकडच्या पावाला चव नसल्याचं. तिसऱ्या मजल्याला रोज उशीर व्हायचा. मला तो उशीर हवासा वाटायचा. तिनं बडबड केली की मला रात्री झोप लागायची.

ऑक्टोबरात एका सकाळी तिच्या दारावरून जाताना हाक दिली आणि आतून आलं, "बरी." श्वास. "तुम्ही?"

मी कार्ड काढलं आणि दार उघडलं. माझ्या कार्डानं सगळी दारं उघडतात, पण स्वच्छतेवाल्यांनी मुलांच्या खोल्यांत न विचारता जायचं नाही असा सक्त नियम आहे, आणि कुठलं दार किती वाजता उघडलं ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उमटतं. खोलीत कुणी नव्हतं. शिमेना सकाळीच पोहायला गेली होती.

दुपारी मॅनेजरनं बोलावलं. टॅम्सिन तिचं नाव, माझ्या भाचीच्या वयाची.

"जॉइस, असं का केलंत?"

"वाटलं, तिला बरं नाही."

"तिनं हाक मारली होती?"

"नाही. बरी आहे म्हणाली."

टॅम्सिननं खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "मार्चमध्ये जे झालं त्याचा दोष कुणी तुम्हाला देत नाहीये. पण पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही." लेखी ताकीद मिळाली. नोकरीचे सात महिने उरले होते, आणि केनेथ गेल्यापासून मला या मजल्यांशिवाय कुठे जायचं असतं असं नाही.

७

नोव्हेंबरात आठवडाभर वर्ग नसतात. इथली मुलं कपडे धुवायला आईकडे जातात. दुसऱ्या मजल्यावर शिमेना एकटी राहिली.

सोमवारी दार उघडलं नाही. "बरी ना, बाळा?" म्हणत मी पुढे गेले आणि मागून तेच आलं, त्याच सुरात, मध्ये तोच श्वास. मी स्वतःला बजावलं, ती घरी नाही. पोहायला गेली असेल. मंगळवारीही तेच. स्वयंपाकघरात तिचा कप होता तिथेच होता. मी क्लाइवला म्हणाले, "दार वाजवून बघ ना." त्यानं वाजवलं. आतून काही नाही. "फिरायला गेली असेल गं," तो म्हणाला. "पोरं सांगून जातात का? आणि तू कार्ड लावू नकोस हं, हात जोडतो."

बुधवारी सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी मी चार नंबरसमोर उभी राहिले. हाक दिली नाही. दोन पावलं पुढे जाऊन सवयीनं टाकून द्यायचे ते शब्द तोंडात धरून ठेवले. मग व्हॅक्यूम भिंतीला टेकवला आणि फरशीवर बसले. माझे गुडघे असे आहेत की बसलं की उठायला कुणीतरी लागतं. पाठ दाराला टेकवली.

"हेल्मी," मी म्हणाले. तिचं नाव मी मार्चनंतर पहिल्यांदाच घेतलं. "बरी आहेस का गं? मी विचारतेय. खरोखर विचारतेय. मी बसलेय इथं. मला कुठेही जायचं नाही."

काही नाही. रेडिएटर टकटकला. खाली अंगणात कुणी कचऱ्याचे डबे ओढत नेत होतं. मी बसून राहिले. पाय बधिर झाले. साडेआठ झाले असतील, मग पावणेनऊ. मला रडू यायला लागलं होतं, आणि मी मुद्दाम पुसलं नाही. मला वाटलं, वेडी झालीस जॉइस, साठी उलटलेली बाई बंद दाराशी बसून मेलेल्या पोरीची विचारपूस करतेय. तरी उठले नाही. त्या जानेवारीत मी किटलीपाशी एवढाच वेळ बसले असते तर पुरलं असतं.

मग माझ्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे, माझ्या कानाच्या उंचीवर कुणीतरी श्वास घेतला. मी बसले होते, तसंच तिकडे कुणी बसलं असावं.

"नाही," आवाज आला. "फारशी नाही."

मी दाराच्या कडीला धरून उठले. कार्ड लावलं.

पडदे ओढलेले होते. शिमेना पलंगावर पडली होती, गळा एका बाजूनं सुजलेला, ओठ निळसर. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे वळले. तिचा घसा आतून इतका सुजला होता की दोन दिवसांत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. फोन पलंगाखाली पडला होता.

तिच्या उशाशी, पलंगाच्या कडेला, पांघरुणात एक खळगा होता. माणूस बसल्यावर पडतो तेवढा. मी बघत होते आणि तो हळूहळू भरून वर आला. मग तिथे नुसतं पांघरूण होतं.

मी क्लाइवला हाका मारल्या. सगळ्या इमारतीला ऐकू गेल्या असतील.

८

ती वाचली. घशात गळू झालं होतं, अजून एक दिवस गेला असता तर श्वास बंद पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. टॅम्सिननं ताकीद परत घेतली आणि फुलं पाठवली. मला फुलांचं काय करावं कळेना. ती मी दवाखान्यात नेली.

शिमेनाला बोलायची बंदी होती, पण ती कसली ऐकते. कुजबुजत म्हणाली, "तुम्ही रोज हाक मारायचात. मला ऐकू यायचं."

"आणि मी निघून जायचे," मी म्हणाले.

"ती मुलगी कोण होती?"

मी परिचारिकेकडे बघितलं. परिचारिका म्हणाली, तापात दिसतं असं पुष्कळांना.

"फिक्या केसांची," शिमेना म्हणाली. "माझ्याजवळ बसून असायची. तुमची हाक आली की मी ओरडायला जायचे, आवाज निघायचा नाही, आणि तीच उत्तर द्यायची. मी तिचा हात धरायला गेले. तर तिनं माझे केस मागे सारले, इतक्या मायेनं, जॉइस, आणि मला समजावलं. म्हणाली, 'हा प्रश्न नसतो. इथं असंच म्हणायचं असतं.' नवीन आलेल्याला शिकवतात ना, तसं."

मी फुलं तिच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. मी एका पोरीला आठ-दहा शब्द शिकवले होते, आणि ती मेल्यावरही ते गिरवत होती. कुणी तिला 'आता पुरे' म्हटलं नव्हतं.

९

ऑफिसातून राइयाचा नंबर घेतला. रविवारी दुपारी जेवण तसंच टाकून फोन लावला. काय म्हणायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं: तिनं पहिल्या दिवशी मला खरं सांगितलं होतं, आणि गप्प बसायला मी शिकवलं.

"जॉइस!" राइयाला खरंच आनंद झाला. "मीच तुम्हाला पत्र लिहिणार होते. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसणार नाही, असं वाटतं मला."

"काय?"

"मी वेडी नाही. आधीच सांगते." ती जरा थांबली. "सकाळी कामाला निघताना मी जिन्यातून हेल्मीच्या खोलीला हाक देते. आधी द्यायचे तशी. बरी आहेस का, म्हणून. आणि ती उत्तर देते. तुमच्या भाषेत, तुमच्याच सुरात. बरी, म्हणते. तुम्ही, म्हणते. ती अजून तिकडेच आहे असं वाटतं तिला, नाही का?"

मी खुर्चीत बसले.

"वर जाऊन दार उघडलं की काही नसतं," राइया म्हणाली. "म्हणून मी आता जात नाही. हाक देते, उत्तर ऐकते आणि निघते. माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही. नसू दे. ती जिथं आहे तिथं बरी आहे, एवढं मला पुरतं. हेल्मी याबाबतीत खोटं बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्यावर माझा दिवस निघतो. सगळे दिवस."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते, "हो, बरीच असणार." सोपे होते. तेवढं म्हणून फोन ठेवला असता तर एक आई सुखानं झोपली असती. हातातल्या कागदाची मी घडी केली, पुन्हा उघडली. मग मला ते दार आठवलं आणि दारापलीकडून आलेला तो श्वास. आता आणखी एका घरात, रोज सकाळी, जिना उतरून जाणाऱ्या पावलांमागे ती तेच म्हणत असणार.

"जॉइस? तुम्ही फोन का केला होतात?"

"राइया, उद्या सकाळी हाक दिलीत ना," मी म्हणाले, "की जाऊ नका. वर जा, दाराशी बसा. कामाला उशीर झाला तर होऊ दे. ती बरी म्हणाली तरी उठू नका. पुढचं ऐकून घ्या."

तिकडून बराच वेळ आवाज आला नाही. त्यांच्याकडे विचार करून बोलतात. मग अगदी हळू, मला नको असलेल्या सुरात, तिनं विचारलं, "पुढचं म्हणजे?"

आणि मी सांगायला सुरुवात केली.